तान रुफिनाने प्रार्थना अडवली

अमेरिकेच्या ताब्यातल्या गुआम बेटावर प्रार्थनेशिवाय उद्घाटन होत नाही आणि आमच्या गावात प्रार्थना तान रुफिना सांगते; वयस्कर बाईला आम्ही मानाने ‘तान’ म्हणतो. मयताच्या घरी जपमाळ चालवणं हे तिचं तरुणपणापासूनचं काम. उद्यानात माहितीफलक उभा राहिला, तेव्हा तिलाच बोलावणं आलं. फलकासाठी वडिलांचा फोटोही तिनेच हौसेने दिला होता: खांद्यावर बंदूक, हातात दोन वटवाघळं.

पडदा सरला. डावीकडे बेटावरून नामशेष झालेलं लहान फळखाऊ वटवाघूळ, उजवीकडे हायुन लागु, ज्याचं इथे एकच मोठं झाड उरलं आहे. वटवाघळाखाली वडिलांचा फोटो आणि ओळ: ‘स्थानिकांनी मारून खाल्ल्यामुळे नष्ट.’ झाडाखाली: ‘विविध कारणांमुळे संकटात.’

“वटवाघूळ कोणी खाल्लं ते फोटोसकट सांगितलंत,” ती वन्यजीव खात्याच्या अमेरिकन साहेबाला, डेलला, म्हणाली. “मग झाड कोणी खाल्लं? तेही आम्हीच नारळाच्या दुधात शिजवलं होय?”

लोक हसले. डेल हसला नाही. “तान, झाडाची कारणं गुंतागुंतीची आहेत.”

“जंगल होतं तिथे धावपट्टी आहे, यात गुंता कसला? माझ्या बापाची जमीन तुमच्या लष्कराच्या कुंपणात आहे. झाड बघायचं तर मला पास लागतो! आम्ही खाल्लं, नाही कुठे म्हणतेय? जत्रेला पानात वटवाघूळ नसलं तर यजमानाची नाचक्की व्हायची. लिहा ना. पण दोन्हीकडे लिहा.”

“फलक छापून झालाय.”

मेयर तोनी तिचा भाचा. त्याचा डोळा झाकलेल्या लाल भातावर होता. “मावशी, आधी प्रार्थना उरक, मग भांड. कोंबडी गार होतेय.”

“तुझ्या पोटात मात्र काही गुंतागुंत नाही, तोनी.”

तिने जपमाळ पिशवीत टाकली आणि खुर्चीवर बसली. प्रार्थना सांगणाऱ्या आणखी दोघी होत्या. डेलने त्यांच्याकडे पाहिलं, त्या समुद्राकडे पाहू लागल्या.

“ओळी छापलेल्या आहेत. फोटो नुसता चिकटवलाय, तो उद्या काढून टाकतो,” डेल म्हणाला.

“मग प्रार्थनाही उद्या.”

शेवटी तोनीने मांस कापायची सुरी आणली आणि चिकटवलेला फोटो खरवडला. तो फाटून निघाला. चेहरा तिच्या हातात आला, बंदूक आणि वटवाघळं फलकावरच राहिली.

मग तिने प्रार्थना सांगितली, मयताला सांगतात तशी, सगळी.

झाडाखालची ओळ कोणी बदललेली नाही.