गिरजाकाकूंचा घाट

गिरजाकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी परसात जाऊन नाली पाहायच्या. मी गावातल्या शाळेवर रुजू झालो आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच सकाळी ही साठीची, खणखणीत आवाजाची बाई न विचारता माझ्या मागच्या दारी उभी! "गुरुजी, चहाची पत्ती मोरीत कायले ओतता? तुमच्या घरचं पाणी कोठी जाते, ठाव हाये का?" मी नाही म्हणालो. शिक्षकाला नाही म्हणायला लावल्याचा आनंद लपवायची त्यांना गरज वाटली नाही. तडक मला अडाण नदीवर घेऊन गेल्या.

तिथे गावाचा सांडपाण्याचा प्लँट होता. प्लँट म्हणजे काय, तर दोन टाक्या आणि गिट्टी-वाळूचा एक लांबलचक वाफा. साऱ्या नाल्यांचं पाणी टाक्यांत येई, गाळ खाली बसे आणि वरचं पाणी वाफ्यातल्या कर्दळीच्या मुळांतून निथळून नदीला मिळे. ग्रामपंचायतीमागे लकडा लावून काकूंनीच तो करवून घेतला होता.

कशासाठी, ते त्यांनी घाटावर उभं राहूनच सांगितलं. त्यांचे यजमान गेले तेव्हा गावची सगळी घाण इथे येऊन साचायची. "दहाव्याले समदे नाकाले रुमाल लावून उभे होते, गुरुजी. जिंदगीभर इज्जतीनं जगला माणूस, अन् त्याच्या पिंडापाशी कोणाले उभं राहावत नोतं. माह्या दहाव्याले मी असं नाई होऊ देणार." हे त्या अशा बोलल्या, जणू घरच्या लग्नाची तयारी सांगत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात कर्दळ पुरुषभर वाढली आणि तिथेच घोटाळा झाला. महालक्ष्म्या आल्या. मखराला कर्दळ हवीच, आणि एवढी रसरशीत कर्दळ गावात दुसरीकडे होती कुठे? बायकांनी ती कंदासकट उपटून घरोघरी नेली. वाफा उकरला गेला, पाणी न निथळताच वाहू लागलं आणि घाटावर पुन्हा तोच वास सुटला.

मला वाटलं, आता काकू गाव डोक्यावर घेणार. पण महाप्रसादाच्या दिवशी त्या घरोघरी दर्शनाला गेल्या. त्या दिवशी परसात नाही, थेट मखरापुढे. डोकं टेकवलं आणि घरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात देवीशी बोलल्या, "माय, मखर मस्त सजवलं वं तुह्या लेकीईनं. पण उद्या नदीवरून जाशीन तवा नाकाले पदर लावजो."

"काकू, देवीसमोर असं नोका बोलू!" घरची सून कळवळली.

"मंग कोणासमोर बोलू? तुमी त ऐकून नाई राह्यल्या."

दरवर्षी सण झाला की मखराची कर्दळ नदीत जायची. त्या वर्षी बायका कंद घेऊन वाफ्यावर आल्या. काकू काठावर बसून बोटानं जागा दाखवत होत्या, आणि तोंडाचा पट्टाही चालूच होता. तेव्हापासून गावात रीत पडली. मखरासाठी फुलं-पानं वरून कापून न्यायची आणि महालक्ष्म्यांना निरोप दिला की वाफ्यातलं तण काढायचं. मी कौतुक केलं, तर म्हणाल्या, "देवीचं नाव घेतलं का हात लवकर चालते, गुरुजी. माह्यं नाव घेतलं का कंबर दुखते."

यंदा दिवाळीनंतर काकू गेल्या. माझी बदली होऊन मी यवतमाळला आलो होतो, दहाव्याला गेलो. त्यांच्या घरी पोचलो आणि पाय आपोआप परसाकडे वळले. नाली स्वच्छ होती. तरी घाटाच्या पायऱ्या मी वास घेत घेतच उतरलो. त्यांचं एवढं एकच मागणं होतं आणि ते आमच्याकडून राहून गेलं असतं, तर मला फार लागलं असतं.

पाण्याला पाण्याचाच वास होता. पलीकडे वाफ्यात कर्दळ लाल फुलली होती. काकूंचा मुलगा बुडी मारून वर आला, पिंडाजवळ बसला. माणसं त्याच्या भोवती दाटीनं उभी राहिली. रुमाल सगळ्यांच्याच हातात होते. नाकाला एकानंही लावला नाही. डोळे पुसायलाच ते पुरत नव्हते.