दोन्ही बाह्या उजव्या

आईच्या हातचा ब्लाउज घालून लग्न करायचं, हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत तिच्याइतकं झकास शिवणारं कुणी नव्हतं. बाई दारातून आत आली की आईला मापाचा अंदाज यायचा, टेप लावायची ती आपली रीत म्हणून.

मग बाबांची गिरणी बंद पडली आणि आई अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, परदेशी जाणारे शर्ट शिवणाऱ्या कंपनीत लागली. सुरुवातीला एका गाळ्यात मोजकी मशिनं होती. बघता बघता कंपनीने शेजारचा गाळा घेतला, मग मजला, मग अख्खी इमारत. आजूबाजूलाही तशाच कंपन्या उभ्या राहिल्या. चाळीतल्या कितीतरी बायका डबे घेऊन तिकडे जायला लागल्या. ज्यांना धड तुरपाई येत नव्हती त्यासुद्धा कामाला लागल्या, कारण तिथे अख्खा शर्ट कुणीच शिवत नसे. एकीकडे खिसा, दुसरीकडे बाही, आईकडे कॉलर. ती लावून झाली की शर्ट डावीकडे सरकवायचा, तिथली बाई तो उचलायची. आईला त्याचा केवढा तोरा! "गोऱ्या सायबाच्या गळ्यात माझी कॉलर असता," म्हणायची.

घरच्या मशीनवर मात्र आधी इस्त्रीचे कपडे साचले, मग टीव्ही येऊन बसला. तक्रार तरी कशी करू? त्या कॉलरींवरच माझं कॉलेज झालं. पुढे कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. मशिनं नेली, बायकांना कोण नेतंय?

माझं लग्न ठरलं तेव्हा आई घरीच होती. तिने टीव्ही उतरवला, मशीनला तेल घातलं आणि पैठणीचा ब्लाउजपीस घेऊन बसली. गळा असा काढला की मी बघतच राहिले. तो पुरा होताच तिने कापड डावीकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. डावीकडे आमचा फ्रिज होता. मला ते बघवलं नाही.

मी हाक मारली तशी ती ओशाळून हसली आणि बाह्या कापायला घेतल्या. पहिली लागली. दुसरी काही केल्या बसेना. ओढून पाहिली, उसवून पाहिली. एक बाही कापली की दुसरीसाठी कापड उलटं ठेवायचं, हे शिवणक्लासातली नवी मुलगीही जाणते. आईने दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या होत्या, आणि जास्तीचं कापड नव्हतं.

"माका आता जमूचा नाय गो," ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. त्या कंपनीचा आला, अजून येतो. अख्खा ब्लाउज शिवणारी बाई नेली आणि कॉलरपुरती परत पाठवली.

शेवटी दुकानातून तयार ब्लाउज आणला. लग्नाच्या सकाळी मी घालण्याआधी आईने तो उलटा केला, खिडकीशी नेला आणि शिवणीवरून सावकाश बोट फिरवलं.

"बाही लावणारी चांगली असा हां," ती म्हणाली. "हात बसलेलो असा तिचो."

मग तिने मला तो घातला, एकेक हूक लावला. मला रडू आवरेना. जमलेल्या बायका समजूत घालत होत्या की सासर काही लांब नाही, मुलुंडलाच तर आहे.