वरपर्यंत न गेलेली भिंत

धारला आम्ही देवळामागच्या एका खोलीत राहायचो. वडील देवळात पाणी भरायचे. पावसाळ्यात लाकडं भिजली की नैवेद्याच्या ताटावरच सगळ्यांचा दिवस निघायचा. त्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि देवासला एका कंपनीच्या क्लिनिकात थेरपिस्ट म्हणून लागलो. हे मी अभिमानानं सांगतो.

माझ्याबरोबरच लागलेली सहकारी जुन्या दरबारी घराण्यातली. तिचं मराठी इतकं शुद्ध, की तिच्यासमोर मी हिंदीत घसरलो की कान गरम व्हायचे. तेही चाललं असतं. पण तिला दार असलेली खोली मिळाली आणि मला हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, वर हातभर उघडा. तिचे पेशंट लॅपटॉपवर, इंग्रजी बोलणारे. माझे कारखान्यांतले, एकामागून एक, मध्ये पाणी प्यायलाही उसंत नाही. तिच्या दाराची कडी वाजली की माझ्या पोटात दुखायचं.

मॅनेजरकडे दार मागितलं तर तो हसला. "अरे भिया, तुम्हारे वाले तो चौपाल पे भी बोल लेते हैं." म्हणजे माझे पेशंट गावच्या चावडीवरही बोलतील, त्यांना दार कशाला.

मग उदयनगरकडचा एक वेल्डर आला. बसला आणि त्यानं वर बघितलं.

"साब, या भीत ऊपर तक नी हे."

"धीरे बोलो," मी म्हटलं.

"धीरे तो घर में बी बोलूँ हूँ."

एवढं बोलून तो वरच्या उघड्या फटीकडेच बघत बसला. वेळ संपल्यावर उठून गेला.

चहाला सहकारी म्हणाली, "दुपारी माझी खोली मोकळी असते, घेत जा की."

"तुझी नको. मला माझी पाहिजे."

"जळतोस का रे माझ्यावर?"

"हो, जळतो."

"मग माझ्यापाशी काय बसलायस? चल, मॅनेजरकडे. मीपण येते."

मी मॅनेजरला सांगितलं, दार मिळेपर्यंत कुणालाही त्या आडोशात बसवणार नाही. नोकरी गेली तर धारला शिकवण्या घेईन. ती शांतपणे म्हणाली, "तो फिर मेरा लैपटॉप भी बाहर हॉल में लगवा दीजिए."

त्याच आठवड्यात सामानाची खोली माझ्यासाठी रिकामी झाली. वेल्डर परत आला, त्यानं स्वतःच कडी लावली आणि मोठ्यानं बोलला.

तिच्या खोलीला खिडकी आहे, माझ्या नाही. ते अजून सलतं. पण माझ्या पेशंटांना आता दार आहे.