दाजींचा कागद

संदीपचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी ओट्यावर पेपर उघडून बसलो होतो. सकाळचा चहा नुकताच झाला होता. ‘मामा, पप्पा गेले,’ तो म्हणाला, आणि थोडं थांबून, ‘झोपेतच गेले. आईला वाटलं, अजून उठायचेत.’ तो रडत नव्हता, मीही नाही. साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर, कराड मागं पडता पडता लक्षात आलं, की छातीवरचा एक जुना दगड उतरल्यासारखं वाटतंय. जवळचा माणूस गेल्यावर असं वाटावं का, असा प्रश्न मनात आलाच. आता काही आठवडे उलटलेत, आणि उत्तर थोडंफार सापडलंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं पलटणीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात गेलेली, त्यामुळे बोलण्यात सातारी आणि लष्करी हिंदीची मिसळ. आक्काला बघायला ते आष्ट्याला आमच्या घरी आले, तेच मुळी मोटारसायकलवरून. साडेतीनशे सीसीची, जड, धडधडणारी गाडी. पोहे झाले, चहा झाला, आणि निघताना गाडी काही चालू होईना. पाहुणे मंडळी अवघडली. दाजींनी अंगातला इस्त्रीचा पांढरा सदरा काढला, आमच्या डाळिंबाच्या फांदीला अडकवला आणि बनियनवर खाली बसून गाडी उघडली. माझे वडील आईला म्हणाले, ‘नवरामुलगा हाय का गॅरेजवाला?’ आक्का आतून खिडकीतून बघत होती. नंतर ती सांगायची, की मला होकार द्यायला तेवढं बघणं पुरलं, घामाघूम झाला पण गाडीला एक शिवी न्हाई दिली माणसानं.

ती गाडी त्यांनी कधी विकली नाही. साताऱ्यात गोडोलीला घर बांधलं, तेव्हा मागं पत्र्याची खोली आधी उभी राहिली आणि घर नंतर. आक्का त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. तेलाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, आणि दाजी तिथून आले की मोरीत हातपाय धुतल्याखेरीज त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी गाडीचं इंजिन पुरतं उघडलं. सगळं नवंजुनं करून पुन्हा बांधायचं, असा बेत होता. सुटे भाग परातींमध्ये मांडून वर फडकी झाकली होती. आणि एके दिवशी त्या खोलीतच ते खाली बसले ते उठलेच नाहीत... अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि शब्द विस्कटले. गप्प झाले असते तर एक वेळ सोसलं असतं. दाजी बोलायचे, पण भलतंच. पाणी हवं असलं की ‘गाडी’ म्हणायचे, वर्तमानपत्राला ‘बैल’. आपण चुकीचं बोललो हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, मग ते मान फिरवून भिंतीकडे बघत राहायचे. येणारीजाणारी माणसं हळूहळू त्यांच्याशी बोलायची थांबली. त्यांच्यासमोर बसून त्यांच्याविषयीच आक्काशी बोलू लागली. आक्का मला एकदा म्हणाली, ‘मला भ्या कशाचं वाटतंय ठावं हाय का? ह्ये आत हायत का न्हाईत, तेच कळंना.’

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जे आवडायचं त्यात गुंतवा. म्हणून मी सवड काढून साताऱ्याला जायला लागलो. माझा आयुष्यभराचा धंदा छापखान्याचा, त्यामुळे पाना-पकड हातात धरता येत होती एवढंच. दाजी स्टुलावर बसायचे आणि डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचे. चुकलं की जिभेनं ‘च्’ करायचे, बरोबर असलं की काहीच नाही. क्रँक आणि सिलिंडरचं काम आम्ही गावातल्या मिस्त्रीकडून करून आणलं, बाकीचं तिथंच बांधलं. पुण्याला नोकरी करणारा संदीप, त्यांचा एकुलता एक मुलगा, सुट्टीला आला की हातभार लावायचा. पण त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. दिवाळी झाली की घर बंद करून दोघांना पुण्याला न्यायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं. आईची ओढाताण त्याला बघवत नव्हती.

इंजिन बांधून झालं, त्या रविवारी संदीपनं किक मारली आणि गाडी चालू झाली. तो आवाज ऐकून आक्का पदराला हात पुसत दारापर्यंत आली. दाजींनी इंजिनाच्या बाजूनं वर जाणाऱ्या बारीक नळीवर डावा हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला, मग एकदम हात पुढं करून चावी फिरवली आणि गाडी बंद केली. ‘गार,’ ते म्हणाले. आक्कानं घरातून शाल आणून दारातूनच संदीपकडं दिली. दाजींनी ती अंगावर टाकू दिली, पण नळीवर बोट आपटत राहिले. मी नळीचा वरचा बोल्ट सैल केला. कोरडा ठाक. असल्या जुन्या इंजिनात तेल खाली साठलेलं असतं आणि एक छोटासा पंप ते उचलून सगळीकडं फिरवतो. पंपानं तेल उचललं नाही तर लोखंडावर लोखंड घासतं आणि केलेल्या सगळ्या कामाची माती होते. गरम तेल वर चढलं असतं तर नळी तापली असती, ती गारच होती; दाजींचा शब्द या वेळी बरोबर ठरला होता. पण त्याच सकाळी त्यांनी आंघोळीच्या तांब्याला ‘स्टेशन’ म्हटलं होतं, त्यामुळे आम्ही तो योगायोग धरला.

मग सुरू झाली शोधाशोध. स्पार्क प्लग काढून संदीपनं किकवर किक मारल्या, इंजिन नुसतं फिरवलं. बोल्ट कोरडाच. पंपात हवा अडकली असेल म्हणून पिचकारीनं वाटेत तेल भरलं, तरी तेच. पंप उघडला. त्यातल्या चकतीवर चरे पडले होते. ती काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश लावून घासली, आरशासारखी केली. दाजींनी ती उजेडात धरून तिरकी करून बघितली आणि परत दिली. स्प्रिंग चांगली होती. पुन्हा सगळं बसवलं, पुन्हा किका मारल्या... आणि पुन्हा कोरडं. संदीप मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मामा, गाडीचं राहू द्या आता. त्यांना कळतंय असं आपणच समजून चाललोय.’ तो हळू बोलला होता, पण आक्कानं ऐकलं. ती तिथंच पायरीवर बसली.

तेव्हा दाजी म्हणाले, ‘कागद.’

संदीप लगेच घरात गेला आणि कोरा कागद आणि पेन घेऊन आला. डाव्या हातानं लिहायचा सराव दवाखान्यात करून घेतला होता, तेच हवं असेल असं त्याला वाटलं. दाजींनी कागद ढकलून दिला. तो खाली पडला. ‘कागद,’ ते पुन्हा म्हणाले, आता जरा चढ्या आवाजात. संदीपनं माझ्याकडं बघितलं, त्या बघण्याचा अर्थ उघड होता. मी मात्र थकव्यानं म्हणा, सवयीनं म्हणा, छापखान्यात आलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचो तसं विचारून गेलो, ‘आवं दाजी, कसला कागद? जाड का पातळ?’

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ते कधी विसरणार नाही. ‘पातळ,’ ते म्हणाले. मग ओठ हलवत, अडखळत, ‘भोक... भोक न्हाई.’

आधी माझ्याही ध्यानात आलं नाही. मग आलं. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाखाली, तेल गळू नये म्हणून, पातळ तपकिरी कागदाचं पॅकिंग असतं. दुकानातून आम्ही ते तयार आणलं होतं. झाकण पुन्हा उतरवलं. जुनं फाटकं पॅकिंग कचऱ्याच्या डब्यात अजून होतं, ते काढून नव्याशेजारी धरलं. जुन्याला कोपऱ्यात एक बारीक भोक जास्तीचं होतं. नव्याला ते नव्हतं. मिळत्याजुळत्या, पण दुसऱ्याच मॉडेलचं पॅकिंग आमच्या पदरात पडलं होतं. तेलाची वाटच कागदानं बुजली होती, पंप बिचारा चोखणार काय?

मी कात्री शोधायला लागलो तर दाजींनी ‘च्’ केलं. परातीतली एक छोटी पोलादी गोळी उचलली, झाकणावर जुळवून धरलेल्या नव्या पॅकिंगवर, खालच्या भोकाच्या बरोबर तोंडाशी ठेवली आणि मला हातोडीकडं खुणावलं. हलकेच एक ठोका. कागदाला गोल, साफ भोक पडलं. झाकण बसवलं, तेल घातलं, प्लग बाहेरच ठेवून संदीप किक मारत राहिला. सैल बोल्टापाशी आधी एक बुडबुडा आला, मग दुसरा, आणि मग मधासारखं तेल हळूहळू वर येऊन नळीवरून ओघळलं.

आक्का पायरीवरूनच म्हणाली, ‘म्हंजी ह्यास्नी समदं कळतंय.’ ती कुणाला सांगत नव्हती. एवढे महिने धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं ते वाक्य आलं. संदीपनं फडकं घेतलं आणि वडिलांची बोटं एकेक करून पुसली. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, ‘पप्पा, पुण्याचं तुम्हीच सांगा.’ दाजींनी विचार केला. शब्द शोधला, सापडला. ‘पुणं न्हाई.’ आणि आक्का हसली, कित्येक दिवसांनी.

दाजी बरे झाले असं मी म्हणणार नाही. हात गेला तो गेलाच, आणि शब्द शेवटपर्यंत वाट चुकत राहिले. बदललो आम्ही. चुकीचा शब्द आला की आक्का सोडून द्यायची नाही. ‘कसली गाडी? प्यायची का बसायची?’ असं विचारायची, आणि दाजी कधी चिडून, कधी हसून मुक्कामाला पोचायचे. संदीप महिन्यातून एकदा यायचा, यवतेश्वरच्या घाटापर्यंत गाडी फिरवून आणायचा, आणि परत आल्यावर दाजी ती तपासायचे. शेवटचं भेटलो तेव्हा मला म्हणाले, ‘पावनं... लय ब्येस.’ कशाविषयी, ते मी विचारलं नाही. त्या एका वेळी विचारायची गरज वाटली नाही.

म्हणून वाटतं, की एसटीत छाती हलकी झाली ती त्यांच्या जाण्यानं नव्हे. जो माणूस आत असूनही बाहेर कुणाला सापडत नव्हता, तो सापडल्यावर गेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, आणि शेजारी त्याला समजून घेणारं माणूस असताना गेला. दुःख आहेच, पण ते स्वच्छ आहे.

परवा साताऱ्याला गेलो होतो. आक्का घरात दिसेना. हाका मारत मागं गेलो, तर ती पत्र्याच्या खोलीत. आपलं शिलाई मशीन तिनं कुणाकडून तरी उचलवून तिथं आणून ठेवलंय. उशीचे अभ्रे शिवत बसली होती. मी म्हटलं, ‘आक्का, हितं का गं?’

‘हितं उजेड चांगला हाय,’ ती म्हणाली आणि पायानं मशीन चालू केलं.

त्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली. बाहेर टळटळीत ऊन होतं, आणि आक्काच्या डोक्यावर दिवा लावलेला होता.