आईच्या खिडकीची फिल्म

आईला अमेरिका दाखवायला मी जुनी आरव्ही घेतली, म्हणजे चाकांवरचं घर. टेक्सासच्या उन्हात खिडक्यांना काळी फिल्म लावत होतो, तेव्हा शेजारच्या गाडीतला एक म्हातारा न बोलावता मदतीला आला. साबणाचं पाणी फवारून तो बुडबुडे हलक्या हाताने कडेला सारायचा आणि प्रत्येक काच झाली की आत जाऊन बाहेर बघून यायचा. आईच्या सीटपाशी मात्र थांबला.

"आधी त्यांना विचार."

"तिला काय विचारायचं? तिला सगळं चालतं."

फडकं खांद्यावर टाकून तो निघून गेला. ती काच मी एकट्यानेच झाकली.

परत जाताना विमानतळावर आई म्हणाली, "छान झाली ट्रिप. गाडीतून सारखं आभाळ भरल्यासारखं दिसायचं, एवढंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"