बंकट सुताराची दाढ आणि देशमुखांच्या पाच खिडक्या

धर्मापुरीत जुन्या देवळाकडून वेशीकडे जाणारी जी पेठेची गल्ली आहे, तिथं बंकट सुताराचा हात न लागलेलं दार शोधून सापडायचं नाही. निजामाच्या अमलातली गोष्ट. बंकटचा हात म्हणाल तर सोन्याचा. जिभेचं मात्र काही विचारू नका. माणसांशी तो खोटं बोलायचा, तुमच्या-माझ्याइतकंच बोलायचा. "उद्या येतो" म्हणून आठ दिवस तोंड न दाखवणं हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ होता. पण लाकूड समोर आलं की त्याच्या तोंडून खरंच बाहेर पडायचं, आणि नेमकं नको त्या वेळी पडायचं.

सुग्रीव दुकानदाराच्या पोरीच्या लग्नातली गोष्ट अजून सांगतात. नवरदेव चौरंगावर बसायला वाकला आणि मागून बंकट म्हणाला, "जरा जपून बसा पाव्हणं. पांगाऱ्याचा हाय त्यो, सागाचा नुस्ता रंग हाय." झालं. सुग्रीवचे व्याही पुढं तीन वर्षं प्रत्येक सणाला त्या चौरंगाची चौकशी करत होते.

अशा ह्या नामांकित सुताराच्या स्वतःच्या घराला एक दार होतं आणि खिडकी एकही नव्हती. चूल आत. धूर आतल्या आत फिरायचा आणि शेवटी त्याच्या बायकोच्या, साखराबाईच्या डोळ्यांत शिरायचा. नवी नवरी म्हणून आली त्याच आठवड्यात तिनं एक खिडकी मागितली होती. "करू की," बंकट म्हणाला होता. "पण करायची तर सागाची. सुताराच्या घराला बाभळीची खिडकी लावली तर लोक तोंडात शेण घालतील."

आता साग आणायचा कुठून? जंगल सरकारचं. लाकडाला परवाना पाहिजे, परवान्यासाठी तहसील कचेरी गाठायला पाहिजे, आणि कचेरीत बसलेल्या कारकुनाशी उर्दूत बोलायला पाहिजे. बंकटला उर्दू येत नव्हती आणि कारकुनाला दया. असं करता करता अठरा वर्षं निघून गेली.

आणि एका मार्गशीर्षात मोहनराव देशमुख मेहुण्याच्या लग्नाला हैदराबादेला गेले ते डोक्यात काच घेऊनच परत आले.

मोहनरावांची माडी पेठेच्या मधोमध. खाली सुग्रीवचं दुकान, वर रस्त्याकडे तोंड करून पाच खिडक्या, पणजोबांच्या काळातल्या, अस्सल सागाच्या, वर कोरीव कमान. लोक देवळाला जाता जाता मान वर करून बघायचे. पण हैदराबादेच्या हवेल्यांना काचेची तावदानं बघून आल्यापासून मोहनरावांना आपल्या खिडक्यांची लाज वाटायला लागली. त्यांनी कुठल्याशा व्यापाऱ्याकडून हिरव्या रंगाच्या, काच बसवलेल्या पाच तयार खिडक्या मागवल्या. त्या कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं गावात आल्या तेव्हा अर्धी पेठ गाडीमागं चालत होती. मोहनरावांनी बंकटला निरोप धाडला, जुन्या काढ आणि नव्या बसव.

गावचा रिवाज असा होता, की भिंतीतून सुतारानं काढलेलं जुनं लाकूड सुताराचं. निरोप ऐकला तशी साखराबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. पाच खिडक्या. साग. आपणहून चालत घरी यायला निघालेल्या.

"पण त्या खिडक्या चांगल्या हायत गं," बंकट म्हणाला. "अजून शंभर वरसं हलणार न्हाईत. आन त्या नव्या बघितल्या म्या गाडीत. लाकूड ओलं हाय. उन्हाळ्यात आकसंल, काच तडकंल."

"तुमाला इचारलंय का कुणी?"

"न्हाई."

"मग काम होईस्तोवर मिठाची गुळणी धरा. अठरा वरसांत काय मागितलं न्हाई म्या. तीन दिस गप बसा."

बंकटनं कबूल केलं. पण साखराबाई नवऱ्याला ओळखून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक दांडगा विडा केला, चुना-कात बेताचा आणि पानं चार, आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डाव्या गालात कोंबला. "ह्यो थुकायचा न्हाई," ती म्हणाली. "उद्या नवा दीन."

बंकट माडीवर गेला. मोहनराव म्हणाले, "बंकट, जुन्या पार किडल्या आसतील न्हाई?" बंकटनं गालातला विडा सांभाळत "हूं" केलं. त्यातून हो निघतंय का नाही, हे मोहनरावांनीच ठरवून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यानं पाचही खिडक्या काढल्या. चौकटीला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. पोटचं पोर आंघोळीला उचलावं तशी एकेक खाली उतरवली आणि सुग्रीवच्या ओसरीला टेकवून ठेवली. वर भोकांना गोणपाटं टांगली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चौकटी भोकांच्या मापाला तासायला घेतल्या. पण एवढ्या वेळात बंकट सुताराच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, याचीच पेठेत चर्चा झाली. गाल तर सुजलेला. सुग्रीवनं निदान केलं, "दाढ हाय. त्याबिगर ह्यो गप बसायचा न्हाई."

मग काय, औषधांचा पाऊस. मोहनरावांची बायको छबुबाई, मोठी मायाळू बाई, तिनं लवंगा धाडल्या. कुणी हिंग आणला. वच्छलाबाई नावाच्या म्हातारीनं गालाला गरम विटेचा शेक दिला. बंकट डोळे मिटून सगळं सोसत होता, कारण दाढ दुखत नाही हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की आधी खिडक्यांचं बाहेर पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी मोहनरावांनाच राहवलं नाही. "पोरगं तीन दिस कळ काढतंय," ते म्हणाले, "बोलवा गहिनीनाथला." बंकट चाळिशीचा होता, पण देशमुखांना सगळं गाव पोरगंच वाटायचं.

गहिनीनाथ न्हावी. दाढ्या करायचा आणि दाढाही काढायचा, आणि दुसऱ्या कामात त्याचा जीव जास्त रमायचा, कारण त्याला बघायला माणसं जमतात. त्यानं बंकटला ओसरीवर बसवलं आणि म्हणाला, "आ कर बे." बंकटनं गर्दीकडं पाहिलं. गर्दीत साखराबाई उभी होती, डोळ्यांत पाणी. धुराचं होतं का दुसरं कशाचं, सांगता येत नव्हतं. बंकटनं आ केला. आधी विडा बाहेर पडला आणि गाल सपाट झाला. "बघा, सूज उतरली," गहिनीनाथ खूश होऊन म्हणाला, "आता सोपं गेलं." आणि त्यानं चिमटा घातला.

खरं सांगतो, मला तर त्या माणसाचं कौतुकच वाटतं. एक शब्द बोलला असता तर दाढ वाचली असती. बोलला नाही. दोन्ही हातांनी ओसरीचा खांब धरला आणि बसून राहिला.

दाढ निघाली. गहिनीनाथनं ती वर धरून फिरवली, आणि त्याचा चेहरा उतरला. पांढरीशुभ्र, तिन्ही मुळं घट्ट, कीड नावाला नाही.

"आरं, ही तर धडधाकट हाय," मोहनराव म्हणाले. "चांगली दाढ कावून काढू दिलीस बे?"

आता बंकटच्या तोंडात विडा नव्हता, दाढ नव्हती, अडवायला काहीच उरलं नव्हतं. रक्त थुंकून तो म्हणाला, "तुमी न्हाई का चांगल्या खिडक्या काढू दिल्या, मालक?"

आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. त्यानं जुन्या चौकटीवर पटाशी मारून दाखवली, ती उडून परत आली. नव्या चौकटीत नख दाबून दाखवलं, ते रुतलं. "चैतात काचा मोजून घ्या," तो म्हणाला. मोहनरावांचा चेहरा लाल झाला. "मग तीन दिस गप कावून बसलास?"

"जुन्या मला पायजे व्हत्या. माज्या घराला खिडकी न्हाई."

पेठ हसली. माडीवरून गोणपाट सारून छबुबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांना साखराबाईचा चेहरा दिसत होता. "अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "निघालेली दाढ कुठं परत बसती? निघालं ते निघालं. रिवाज हाय, नेऊ द्या त्याला."

मोहनराव मान हलवायच्या बेतात होते. तेवढ्यात बंकट म्हणाला, "दाढ न्हाई बसत, मालकीणबाई. खिडकी बसती. भिंतीतली जागा जशीच्या तशी हाय."

छबुबाईंनी कपाळावर हात मारला. मोहनरावांना हसू आवरेना. "बरं, मग ह्या हिरव्यातली एक ने. दोन ने."

"असलं ओलं लाकूड म्या फुकटबी नेणार न्हाई," बंकट म्हणाला.

गर्दीतून साखराबाई पदर ओढून घेऊन निघून गेली.

बंकट घरी पोचला तेव्हा आतून धप धप आवाज येत होता. साखराबाई पहार घेऊन चुलीमागची मातीची भिंत फोडत होती.

"अगं, काय करतीस? चौकट न्हाई, काय न्हाई."

"नसू दे. भोक तर हुईल." तिनं पहार थांबवली नाही. "साऱ्या गावच्या लाकडाचं खरं बोलता. आता माजं खरं आयका. साग म्या कवा मागितला व्हता? मला धूर बाहीर जायला पायजे व्हता. सागाची हौस तुमची व्हती, आन डोळं माजं गेलं."

बंकट पुढं आला. भोकाची कड बोटानं चाचपून तो म्हणाला, "तिरपी फोडू नकोस. आण हिकडं." आणि पहार तिच्या हातातून घेतली.

दाराशी कुणाच्या तरी बैलगाडीच्या सांगाड्यासाठी ठेवलेली बाभूळ होती. दुसऱ्या दिवशी देशमुखांच्या पाच खिडक्या जागच्या जागी बसवून तो घरी आला आणि बाभळीला रंधा लावला. येणारा-जाणारा थांबायचा आणि मुद्दाम विचारायचा, "कशाची रं, बंकट?" तो म्हणायचा, "बाभळीची." पुढं एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकी बसली. साखराबाईनं चूल पेटवली, भाकरी टाकली, आणि धूर उठून सरळ बाहेर निघून गेला.

बंकट जेवायला बसला. उजव्या बाजूनं चावत चावत त्यानं बायकोकडं पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला. तिच्या पापण्यांना केस उरले नव्हते. डोळ्यांच्या कडा कच्च्या मांसासारख्या लाल झाल्या होत्या.

"लाकडातली कीड मला चार हातावरून दिसती," तो म्हणाला. "आन हे अठरा वरसं दिसलं न्हाई."

साखराबाईनं भाकरी उलटली. "कसं दिसंल?" ती म्हणाली. "घरात उजेड कुठं व्हता?"