मुलींच्या ड्रिलचा तास

अमरावतीला व्यायामशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून मी अकोल्यात मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायला लागले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळकरी होते. आमच्या वस्तीतून शिक्षिका झालेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभी राहिले, ते आईनं कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

वेळापत्रकात ड्रिलचे तास होते, पण ते शिवणाला नाहीतर गणिताला जायचे. मी मुख्याध्यापिकांकडे जाऊन ते मागून घेतले. मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या तर बऱ्या घरच्या मुली कुशीला हात लावून खाली बसल्या. प्रार्थनेला भोवळ येऊन पडणाऱ्याही त्याच.

सातवीतली एक मुलगी मात्र चार फेऱ्या मारूनही दमली नाही. मोर्णेकाठी तिच्या घरचा भाजीचा मळा होता. पण ती रांगेत उभी राहिली की उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली दिसायचा. विचारलं, तर कळलं की लहानपणापासून रोज सकाळी नदीवरून वाफ्यांपर्यंत बादल्या वाहते, त्याही उजव्याच हातानं. मी तिला हात बदलायला सांगितलं. मधल्या सुट्टीत कडुनिंबाच्या आडव्या फांदीला लोंबकळायला लावलं, सूर्यनमस्कार शिकवले, आणि शाळा सुटल्यावर खो-खोला थांबवून घेतलं.

चौथ्या दिवशी तिची आई आली. बाजारातून थेट आली होती, रिकामी टोपली काखेत.

"काहून जी बाई, माया पोरीले पैलवान करून राहिल्या का तुमी? सकायपासून मळ्यात वाकून राह्यते. अजून कायचा व्यायाम?"

"वाकून राह्यते, म्हणूनच तर सांगून राहिली, मावशी."

तिला काही पटलं नाही. मग मी मुलीला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि खडूनं दोन्ही खांद्यांपाशी खुणा केल्या. मुलगी बाजूला झाली. दोन खुणांच्या उंचीत चांगला दोन बोटांचा फरक होता. आईनं बोटं लावून तो मोजून पाहिला. मग टोपली खाली ठेवून स्वतःच भिंतीला टेकली.

"माया बी खुणा करा."

तिच्या खुणांत चार बोटांचा फरक निघाला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मले कोनी सांगतलंच नाही," ती म्हणाली. आणि जाताना, "ठेवा तिले खेळाले. बादल्या मी पाह्यतो."

वर्षभरात मुलीचा खांदा पुष्कळ वर आला. अगदी सारखा झाला असं म्हणणार नाही. पण चालताना मान ताठ असायची. त्या थंडीत आमचा संघ शाळा-शाळांच्या खो-खो सामन्यांना अमरावतीला गेला. सगळ्या मुली एसटीत बसून पहिल्यांदाच गाव सोडून निघालेल्या. अंतिम सामन्यात आमच्या शेवटच्या तुकडीत ती एकटीच उरली. वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत समोरच्या मुलींपैकी एकीच्याही हाताला लागली नाही. आम्ही जिंकलो. मला शिकवलेले वयस्कर सर मैदानावर होते. त्यांनी मला विचारलं, "ही पोरगी तयार केली कोणी?"

"मी, सर," मी म्हटलं. एवढे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या ताठ मानेनं कधी उच्चारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याच्या स्टँडवर उतरलो, तर तिची आई वाट पाहत उभी. जिंकल्याचं ऐकून तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, धाकटी चौथीत हाय. तिले कवापासून घेता?"